मान हलली की पुसायचं

शालूचा पेपर हातात आला तेव्हा सत्यभामाला आधी वाटलं, यावर कुणीतरी चहा सांडला. कागद मध्येच फुगला होता, जागोजागी त्याचा भुगा झाला होता आणि एका ठिकाणी तर आरपार भोक पडून खालची चटई दिसत होती. तिने तो खिडकीशी धरला. सगळा कागद राखाडी, आणि त्या राखाडीत अगदी तळाशी एकच उत्तर उभं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, बोटाएवढ्या जाड आकड्यांत, शेवटच्या गणिताचं उत्तर. आणि ते बरोबर होतं. सत्यभामा कागद तसाच धरून बसली. तिला कळलं होतं. परीक्षेच्या वेळी वर्गावर बसलेल्या कलावतीबाईंना ते कळलं नव्हतं, हेडमास्तरांना सांगूनही पटलं नसतं. पण तिला पाहता क्षणी कळलं, कारण ही करणी तिची स्वतःचीच होती. पोरीने प्रत्येक गणित सोडवलं होतं. सोडवून कागद डोक्यावर धरला होता, बाईंची मान हलायची वाट पाहिली होती, आणि मग अंगठ्याला थुंकी लावून ते सगळं पुसून टाकलं होतं. पुढच्या गणिताला जागा करायला. शेवटचं तेवढं राहिलं, कारण त्यानंतर घंटा झाली असणार.

भाऊराव शेजारीच बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याची दुपारची पाळी होती. पोलाद कारखान्याच्या रुळांच्या मिलमध्ये तो फिटर होता, आणि भोंगा होण्याआधी सायकल गेटपाशी पोचवायची त्याला रोज घाई असे. बायकोचा चेहरा पाहून तो थांबला. "काय झालं वं?" म्हणाला. तिने कागद पुढे केला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "हे कोन्या गाईनं चघळलं?"

"शालूचा हाय. रामाजीच्या पोरीचा. तिले सारं येते. सारं लिवलं न् पुसलं."

"मंग देऊन टाक मार्क. तुले त मालूम हाय न तिले येते म्हनून."

"कागदावर हाय तेवढंच पाहाचं, असा कायदा हाय औंदा."

भाऊराव हसला. "आमच्याकडं बी तसंच हाय. रुळाचा तुकडा मशीनमंदी घालून तोडतेत, न् तुटल्यावर सांगतेत, चांगला होता म्हनून." डबा हँडलला अडकवून तो गेला. एरवी ती या बोलण्यावर हसली असती, भाऊरावच्या अशा बोलण्यावरच तर तिचा संसार हलका चालला होता. आज तिला त्याचा रागच आला. रुळाचा एक तुकडा तुटला तर दुसरा असतो. शालू एकच होती.

रामाजी महिन्यापूर्वी शाळेत आला होता. ठेकेदाराकडे विटा रचायचं काम, हातापायांना कायम गिलावा, रुआबांध्याकडच्या झोपड्यांत राहणं. वर्गाच्या दाराबाहेरच उभा राहिला आणि आत या म्हटलं तरी आला नाही. नागपूरकडचाच, त्यांच्यातलाच माणूस, पण पायातली जुनी सवय अजून सुटली नव्हती. "बाई," तो म्हणाला होता, "पास झाली त शिकू द्या, मी आडवा येत नाई. पन नापास झाली त मंग मी नाई ठेवत. नंदिनीच्या खदानीवर मोठी पोरगी हाय माही, गिरजा. तिचं लेकरू सांभाळाले कोनी नाई. हे पोरगी तिथं कामाले येईन." त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. हिशेब मांडल्यासारखं त्याने ते सांगितलं आणि सत्यभामानेही मोठ्या ऐटीत मान हलवली होती. पास न व्हायला काय झालं? वर्गात पाट्या वर झाल्या की सगळ्यांत आधी जी पाटी सरळ, न हलता वर जायची, ती शालूचीच असायची.

पाट्या वर. सत्यभामाच्या वर्गाची ही ओळखच होती. ती भिलाईला आली एकोणसाठ साली, लग्न होऊन, आणि मास्तरीणही त्याच वर्षी झाली, कारण सातवीपुढे शिकलेली बाई तेव्हा इथे शोधूनही सापडत नव्हती. शाळा म्हणजे सेक्टरमधला एक अर्धवट बांधलेला क्वार्टर. दारांना फळ्या नव्हत्या, खिडक्यांना गज नव्हते, पोरं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसायची आणि उठली की त्यांचे पार्श्वभाग पांढरे झालेले असायचे. बाहेर दिवसभर डंपर जायचे, आणि प्रत्येक डंपरमागे एवढी धूळ आत यायची की शिकवता शिकवता थांबून सगळ्यांना डोळे मिटून बसावं लागे. आणि पोरं तरी कुठली कुठली! एक मद्रासकडची, एक बंगाल्यांची, दोघे पंजाबी भाऊ, तेलुगू बोलणाऱ्या तिघी बहिणी, आसपासच्या गावांतली छत्तीसगढी लेकरं, आणि या सगळ्यांना हिंदीत शिकवणारी सत्यभामा, जिची स्वतःची हिंदी नागपूरची हद्द ओलांडून फार पुढे आलेली नव्हती. उभं करून प्रश्न विचारला की पोर नुसतं पाहत राही. येत नाही म्हणून गप्प आहे की समजलं नाही म्हणून, की समजलं पण बोलता येत नाही म्हणून, काही कळायला मार्ग नसे. आठवडाभर ती घरी येऊन रडली. मग एके दिवशी फळ्यावर बेरीज लिहिली, हातांनी खूण केली आणि ओरडली, "सब लोग पाटी ऊपर!" हिंदीत पाटीला स्लेट म्हणतात हेही तिला आठवलं नाही. पण पोरांना कळलं. पन्नासभर पाट्या एकदम डोक्यांवर गेल्या.

त्या दिवशी तिला पहिल्यांदा आपला वर्ग दिसला. एका नजरेत कळलं, कुणाला येतं आणि कुणाचं कुठे अडतं. नुसतं उत्तरच नव्हे, पाटी कशी धरली आहे हेही ती हळूहळू वाचायला शिकली. ज्याला येतं त्याचा हात कोपरात वाकत नाही. ज्याला खात्री नाही त्याची पाटी छातीपर्यंतच येते. ज्याने शेजाऱ्याचं पाहिलंय तो पाटी वर करून बाईंकडे न पाहता शेजाऱ्याकडेच पाहतो. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवायची, बरोबर त्याच्यासमोर मान हलवायची, आणि मान हलली की पुसायचं. ओल्या फडक्यांनी सगळ्या पाट्या एकदम पुसल्या जात, तेव्हा जो आवाज व्हायचा तो तिला फार आवडे. ज्यांचं चुकलं त्यांना ती ज्यांना आलं त्यांच्याशेजारी बसवायची. मद्रासकडची सात वर्षांची पोरगी पंजाब्याच्या दांडग्या पोराला हातचा कसा घ्यायचा ते समजावून सांगायची, कोणत्या भाषेत ते त्या दोघांनाच ठाऊक. संध्याकाळी शाळा सुटली की भट्टीतली वितळलेली मळी बाहेर ओतली जायची आणि तिकडचं आभाळ तांबडंलाल व्हायचं, पोरं त्याकडे बोट दाखवून आपापल्या भाषेत ओरडायची, आणि सत्यभामा अंगावरची धूळ झटकत घरी जायची. किती दमायची! आणि तरी ते दिवस आठवले की तिला आजही वाटतं, तेव्हाच काय ते आपण जगलो. पुढे पक्की इमारत झाली, बाकं आली, फळे आले, वह्या आल्या. एक साहेब तपासणीला आले आणि पाट्या वर झालेल्या पाहून इतके खूश झाले की म्हणाले, ये पद्धति आपने कहाँ से सीखी? ती लाजून म्हणाली, मेरी ही है.

मेरी ही है. आज तो भुगा झालेला कागद मांडीवर ठेवून बसलेल्या सत्यभामाला ते शब्द आठवले आणि कानांच्या पाळ्या तापल्या. तिची कुठली? ती पद्धत देवराव गुरुजींची होती. आणि गुरुजींनी ती ज्या कारणाने सुरू केली होती, ते कारण ती इतकी वर्षं मनाच्या तळाशी दाबून बसली होती.

तिचा बाप टिकाराम दुर्गच्या लाइनीवर गँगमन होता, आणि त्या लहानशा ठेसनामागच्या गावात एकच शाळा होती. तेव्हा आपण कुठे बसायचं हे कुणाला सांगावं लागत नसे. पाय आपोआप ओसरीपाशी थांबत. सत्यभामा ओसरीवर बसायची, दाराच्या चौकटीशी, आत अर्धा वर्ग दिसेल अशी. गुरुजी गणित घालत आणि मग हातात पांढरा खडू घेऊन पोरांमधून फिरत. एकेकाची पाटी उचलून घेत, पाहत, आणि बरोबर असलं की कोपऱ्यात खडूने एक ठसठशीत खूण करत. ती खूण म्हणजे त्या पोरांची दौलत. घरी जाऊन आईला दाखवायची म्हणून ती पाटी छातीशी धरून नेत नसत, खूण अंगाला पुसली जाईल. हाताने लांब धरून नेत. बाकी पाटी पुसायची तर कोपरा सोडून पुसत. ओसरीपर्यंत गुरुजी येत, उंबऱ्याच्या आत थांबत आणि म्हणत, "टिकारामची, पाटी वर." ती वर करायची. तिची पाटी ते हातात घेणार नव्हते, म्हणून तिने लांबून वाचता यावं एवढं मोठं लिहायला शिकून घेतलं होतं. गुरुजी डोळे बारीक करून वाचत आणि मान हलवत. टोपी जराशी पुढे सरके. तेवढंच. मग ती पुसायची, कारण ठेवण्यासारखं त्यात काही नसायचं.

देवराव गुरुजी वाईट माणूस नव्हते. हे वाक्य ती लहानपणापासून मनात म्हणत आली होती, जसं काही कुणी ते वाईट आहेत असा तिच्याशी वाद घालत होतं. आणि मग तो दिवस. तिसरीचं वर्ष असेल. गुरुजी खडू घेऊन उठले, पहिल्या पोरापर्यंत गेले, त्याची पाटी उचलायला वाकले आणि तसेच थांबले. मग सरळ होऊन परत खुर्चीपाशी आले. खडू टेबलावर ठेवला. म्हणाले, "आजपासून सगळ्यांनी पाट्या वर." वर्गात कुरकुर झाली. पाटलाच्या पोराने तर विचारलंच, गुरुजी, खूण? गुरुजी म्हणाले, "खूण बंद." आणि त्या दिवसापासून साऱ्या वर्गाला जेवढी मान मिळायची तेवढीच तिलाही मिळू लागली. ओसरीवर बसलेल्या त्या पोरीला झालेला आनंद सत्यभामाला तिशीतही छातीत जाणवायचा. गावात म्हणत, गुरुजींचे गुडघे धरलेत, वाकवत नाही. गुडघे दुखायचे हेही खरंच होतं. तिने दोन्ही खरं मानलं, गुडघेही आणि आपल्यासाठी केलं हेही, आणि त्यांच्याबद्दल मनात एक जागा राखून ठेवली.

ती जागा चौथीच्या परीक्षेला हलली. परीक्षा तालुक्याच्या मोठ्या शाळेत होती, अनोळखी मास्तर, पहिल्यांदाच कागद. तिला वेगळं, खिडकीपाशी बसवलं होतं. खिडकीतून आवारातली चिंच दिसत होती आणि चिंचेखाली देवराव गुरुजी उभे होते, गावाहून पोरांना घेऊन आलेले. पहिलं गणित सुटल्यावर तिने कागद खिडकीकडे करून धरला. सवयच होती. गुरुजींनी पाहिलं, नक्की पाहिलं, नजरेला नजर मिळाली. आणि त्यांनी पाठ फिरवली. टोपी, कोट, मागे धरलेले हात. परीक्षा संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. तिने रडत रडत पेपर लिहिला आणि पास झाली, पण ती पाठ तिच्या डोळ्यांसमोरून कधी गेली नाही. इथे परक्या लोकांत आपण यांची विद्यार्थीण आहोत हे यांना दाखवायचं नाही, असंच तिच्या मनाने घेतलं. कधी मन मऊ असलं की ती स्वतःला समजवायची, ऊन लागत असेल तोंडावर. छप्पन साली सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं, घरात बाबासाहेबांची तसबीर लागली, आणि त्या गावाचं, त्या ओसरीचं नाव काढायचं नाही असं जणू ठरून गेलं. गुरुजी पुढे वारले म्हणे. ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तो कागद घेऊन हेडमास्तरांपुढे उभी राहिली. पुंडलिक सर नागपूरचे, नियमाला पक्के आणि मनाने घाबरट. शेजारी कलावतीबाई बसल्या होत्या. "ती सारखी कागद वर धरत होती," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, खाली ठेव. तर ठेवायची आणि पुसत बसायची. मला वाटलं, चुकलं म्हणून पुसते आहे." त्यांचं काय चुकलं? काहीच नाही.

"सर, तुम्ही तिला तोंडी विचारा," सत्यभामा म्हणाली. "इथे, तुमच्या समोर. मी बाहेर जाते हवं तर."

"तोंडी बंद झालं, सत्यभामाबाई. कागद सांगेल तेच खरं. नाहीतर उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझ्या वर्गाला सगळं येतं. मग तपासायचं कशाला?"

"कागद खोटं सांगतो आहे, सर."

"कागद खोटं सांगत नाही. कागद वापरायला तुम्ही शिकवलं नाही." ते बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले. पण ते खरं होतं. बाकीच्या पोरांना वही घरून मिळाली होती, थोरल्या भावंडांची पाहून कागदाची सवय झाली होती. शालूच्या घरी कागद म्हणजे बांधून आणलेल्या भज्यांचा. पुंडलिक सरांनी चष्मा काढून पुसला. "गोवर झालेल्या पोरांची परीक्षा पुढच्या आठवड्यात घेणार आहोत. तिचं नाव त्यात घालतो. माझ्याच्याने एवढंच होईल. पण वर्गावर कलावतीबाई असतील, पेपर त्याच तपासतील, आणि तुम्ही वर्गात पाय ठेवायचा नाही."

त्याच दिवशी ती रुआबांध्याला गेली. रामाजी कामावर होता. शालूची आई रुक्मा चुलीपुढून उठली आणि बाई घरी आल्या म्हणून घाबरून पदर सारखा करत राहिली. शालू कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती. सत्यभामाने तिच्यापुढे तो कागद धरला. "हे पुसलं कावून वं पोरी?"

"तुमीच सांगतलं न, बाई," शालू म्हणाली. "मान हलली का पुसाचं."

"पन मान हलली कोनाची? मी त नव्हती तिथं."

शालूने विचार केला. "थ्या बाईची मान नाई हलली. पन त्याहीनं खाली ठेव म्हनलं. मले वाटलं, पाहलं असन."

रुक्माने कपाळावर हात मारून घेतला. "मायबाई! मंग आता जाते वाट्टे हे नंदिनीले." शालूने आईकडे पाहिलं आणि पाटी उराशी घट्ट धरली.  सत्यभामा खाली जमिनीवर बसली. तिने एक गणित सांगितलं. शालूने ते केलं, मोठ्या मोठ्या आकड्यांत, आणि सवयीने पाटी वर धरली. सत्यभामाची मान हलायला निघाली आणि मध्येच थांबली. हाताच्या अंतरावर ती पाटी होती. इतकी वर्षं तिने हजारो पाट्या वाचल्या होत्या, आणि एकही पाटी, एकाही पोराची पाटी, कधी हातात घेतली नव्हती. वर्ग मोठा होता, वेळ नसायचा, सगळं खरं. तरी उंबऱ्याच्या आत थांबलेले गुरुजी तिला आठवले. तिने हात पुढे करून शालूची पाटी घेतली. लाकडी चौकटीचा एक कोपरा निखळून सुतळीने बांधला होता, हे तिला लांबून कधी दिसलं नव्हतं. पिशवीत खडू होता. तिने कोपऱ्यात एक ठसठशीत खूण केली आणि पाटी परत दिली.

"हे काय, बाई?"

"बरोबर असलं का करतेत. हे नाई पुसाचं."

शालूने ती खूण इतका वेळ पाहिली की सत्यभामाला दुसरीकडे बघावं लागलं. मग पाटी पुसताना पोरीने कोपरा सोडून पुसली. कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे रोज शाळा सुटल्यावर ती रुआबांध्याला जात राहिली. भाऊरावने जुन्या कॅलेंडरांचे कागद आणि पेन्सिली जमवून दिल्या; "गाईले चाराले," म्हणाला, पण दिल्या. कागदावर उत्तर लिहायचं, सत्यभामा खूण करायची, मग त्याच्याखाली दुसरं लिहायचं. हे शालूला लगेच जमलं, खूण असलेलं ती मेली तरी पुसणार नव्हती. मग सत्यभामाने खूण बंद केली आणि नुसती मान हलवली. पोरगी अडखळली, अंगठा तोंडाकडे गेला, पण आवरला. आणि मग सत्यभामाने मानही हलवली नाही. तिथे सगळं ढासळलं. शालू कागद वर धरून वाट पाही, बाईंचा चेहरा दगड, आणि हळूहळू तिच्या डोळ्यांत शंका येई. अंगठा ओला व्हायचाच. "मान नाई हलली त वाटते, चुकलं असन," ती म्हणे, आणि अंगठ्याला पेन्सिलीचा काळा चिकट थर लागलेला असे. बरोबर उत्तर डोळ्यांदेखत पुसलं जाताना पाहून सत्यभामाचा जीव तुटायचा. आपण या पोरांना गणित शिकवलं, पण ते बरोबर आहे हे स्वतःचं स्वतः समजून बसायला कधी शिकवलंच नाही. ते आपण आपल्या मानेत ठेवून घेतलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा शालूचा अंगठा काळाच होता. रामाजी कामावरून आला होता. त्याने तो पाहिला आणि हातपाय धुवायला गेला. गिरजाकडे निरोप देऊन ठेवल्याचं रुक्माने बाईंना दाराशी हळूच सांगितलं. परवा गिरजाचा नवरा न्यायला येणार होता.

परीक्षा सकाळची होती. गोवरातून उठलेली पोरं, चेहऱ्यांवर अजून डाग, लांब लांब बसवलेली. शालू खिडकीशी. कलावतीबाईंनी पेपर वाटले आणि खुर्चीवर बसल्या. सत्यभामाला वर्गात यायची बंदी होती, पण आवारात थांबू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत बसवेना म्हणून ती कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. पहिल्या पक्क्या इमारतीबरोबर लावलेलं रोपटं, आता चांगलं छत्रीएवढं झालं होतं. ती इथे का आली हे तिला नीट माहीत नव्हतं. एकटं वाटू नये पोरीला, एवढंच मनात होतं. शालू खाली मान घालून लिहीत होती. थोड्या वेळाने तिने मान वर केली, खिडकीबाहेर पाहिलं, आणि तिला बाई दिसल्या. तिचा चेहरा उजळला. दोन्ही हातांत कागद धरून तिने तो खिडकीकडे वर केला.

आकडे मोठे होते. इतक्या लांबूनही वाचता येत होते. उत्तर बरोबर होतं.

सत्यभामाची मान तिच्या हातात नव्हती. सहा वर्षांची सवय. मानेची शीर अन् शीर खाली यायला निघाली. एवढीशी मान हलवली असती तर कुणाला दिसलं असतं? कलावतीबाईंची पाठ होती. पण आज ती हलली, तर दुसऱ्या उत्तरालाही हलावी लागणार, तिसऱ्याला, आणि पाचवीत, सहावीत, जन्मभर ही पोर कुठल्या ना कुठल्या खिडकीकडे कागद धरून बसणार. आणि नुसती तशीच उभी राहिली, दगडासारखी, तर चुकलं असं समजून अंगठा ओला होणार. शालू वाट पाहत होती. हात कोपरात वाकले नव्हते. आणि मग, आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत, सत्यभामाने पाठ फिरवली.

समोर रस्ता होता, रस्त्यावरून सायकली चालल्या होत्या, लांबवर प्लांटच्या चिमण्या. तिने हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले. मागे काय होतंय हे तिला दिसत नव्हतं आणि पाहायचं नव्हतं. कागदावर अंगठा घासल्याचा आवाज इतक्या लांब येत नाही हे ठाऊक असून ती तोच आवाज ऐकत उभी होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही तिने हात सोडवले नाहीत, मागून दिसलं असतं. पोर आता रडत असेल. बाईंनी आपल्याला टाकलं असं तिच्या मनाने घेतलं असेल, आणि ते ती कितीतरी वर्षं मनात ठेवील. ठेवू दे. पण पेपर लिहू दे. सत्यभामा घंटा होईपर्यंत तशीच उभी राहिली, आणि घंटा झाली तेव्हा तिला मान वळवता येईना, एवढी ती आखडली होती.

पोरं बाहेर पडली. शालू सगळ्यांत शेवटी आली, गालांवर वाळलेल्या पाण्याचे ओघळ, आणि दोन पावलांवर येऊन थांबली.  सत्यभामाने शालूचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला आणि अंगठा पाहिला. बोटांना पेन्सिलीचं काळं लागलं होतं. अंगठा स्वच्छ होता.

"सारं तसंच ठेवलं," शालू म्हणाली. "एकाखाली एक."

सत्यभामाने तो हात सोडला नाही. दोघी फाटकाकडे चालू लागल्या. फाटकाशी आल्यावर शालूने विचारलं, जरा घुश्शातच, "बाई, तुमी पाठ कावून केली? मी किती वेळ दाखवून राहिली होती."

 तोंडात आलं ते सत्यभामा म्हणाली, "ऊन लागून राहिलं होतं वं तोंडावर."

शालू थांबली. तिने मागे वळून त्या झाडाकडे पाहिलं आणि ती हसली. "ऊन कुठलं, बाई? तुमी त सावलीत होत्या."

सत्यभामाही थांबली. फाटकाचा गज तिने दुसऱ्या हाताने धरला. चिंच केवढी मोठी होती ती, तालुक्याच्या शाळेची; साऱ्या आवारावर तिची सावली पडायची, आणि गुरुजी अगदी बुंध्याशी उभे होते.